आकृतीत होडी नसते

येलदरीच्या पाण्यावर, सकाळी सात ते बारा,
माणशी साडेतीनशे, चपला काठावर काढून ठेवायच्या.
तय्यबनं माझ्याकडं पैसे मागितले नाहीत.
मीही पर्स उघडून तशीच बंद केली.

दोन लांबट पोकळ अंगं, मध्ये ताणलेली जाळी, वर एक शीड.
पुद्दुचेरीला सहा वर्षं कामाला होता, तिथून
ट्रकवर पालथी घालून आणली त्यानं ही,
टोलनाक्यांवर लोक विचारायचे, विमान आहे का.
नाव सांगितलं : कट्टुमरम.
तमिळमध्ये, बांधलेली लाकडं.
लाकूड यात कुठंच नव्हतं.
बांधलेलं मात्र होतं सगळं.

मी जाळीवर बसले, पदर कमरेला खोचून.
खालून पाणी पळत होतं,
भोकाभोकांतून साडीला हात लावत.
शेजारी वसमतचे कंपाउंडर सोळंके, त्यांची बायको,
डब्यात धपाटे, मांडीवर दह्याची बरणी.
"अहो, आवाज कसा नाही याला?" ती म्हणाली,
जरा घाबरूनच.
शीड दोनदा फडफडलं आणि भरलं,
दोरीवरची चादर अचानक पोटुशी व्हावी तसं.

अठ्ठावीस वर्षं जिंतूरला भूगोल शिकवला.
खारकच्छ म्हणजे काय? दोन गुण, आकृतीसह.
फळ्यावर किनाऱ्याची वाकडी रेघ,
तिच्यापुढं वाळूचा दांडा, मधलं पाणी निळ्या खडूनं.
निळा खडू संपला की पांढऱ्यानंच.
समुद्र मी पाहिलाय, एकदा, सहलीत,
पंचेचाळीस मुली मोजता मोजता.
खारकच्छ नाहीच.

मधोमध वारा पडला.
अलीकडं परभणी जिल्हा, पलीकडं हिंगोली,
आम्ही कुठल्याच तालुक्यात नाही.
लांब एक भोई थर्माकोलच्या तुकड्यावर बसून जाळं उचलत होता,
त्याचं खोकणं इथवर स्पष्ट आलं.
सोळंके घड्याळ बघू लागले.
"यायलंय वारं, थांबा," तय्यब म्हणाला,
"नाहीतर बाईलाच विचारा की, कधी यायलंय ते."
सगळे हसले. मी पण.
दिवसा पाण्याकडून जमिनीकडं, रात्री जमिनीकडून पाण्याकडं,
मला पाठ होतं.
या पाण्याला होतं की नाही, कुणास ठाऊक.

नववी ब. सहामाही.
त्याचा दांडा बरोबर, तोंड बरोबर, बाणसुद्धा बरोबर,
आणि मधल्या पाण्यात एक होडी,
शिडासकट, डोलकाठीच्या शेंड्यावर कावळा.
मी लाल पेनानं खोडली.
समासात लिहिलं : आकृतीत होडी नसते.
अर्धा गुण कापला.
किती कापले असतील असे, हिशेब नाही,
पण कावळा आठवतो. चांगला काढला होता.

बोट बुडवून चाखलं.
गोडं पाणी. थोडं शेवाळ, थोडा गाळ,
मीठ कुठंच नाही.

मग पश्चिमेला पाण्यावर काटा उभा राहिला,
एक काळपट पट्टा, आमच्याकडंच सरकत.
"बाई, तिकडल्या अंगाला या! पाय पट्ट्यात अडकवा!"
अडकवले मी, निवृत्तीनंतरचे पाय.
एक अंग पाण्यावर उचललं गेलं,
दह्याची बरणी घरंगळत गेली, सोळंकेबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं,
उखाण्याशिवाय, चांगलं खणखणीत,
आणि माझ्या तोंडून काय निघालं ते मला नीट ऐकू आलं नाही.

बारा वाजले. काठावर चपला तापून बसलेल्या.
हात देत तय्यबनं विचारलं, "कसं वाटलं बाई?"
म्हटलं, "बाकी सगळं बरोबर आहे रे.
कावळा कुठाय?"

त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं.
मग डोलकाठीच्या शेंड्याकडं,
बराच वेळ.